एकुलती तबकडी

दि. ३ मार्च

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

पेनड्राइव्ह पोचला. माझ्या जुन्या तबकड्यांवरून तू उतरवलेली सत्तेचाळीस अरबी गाणी बोटाएवढ्या डबीत मावली. जहाजावर तारयंत्री होतो तेव्हा बाकीचे बंदरात उतरून घड्याळं घ्यायचे आणि मी गाण्यांच्या तबकड्या; तुझी काकू अजून टोमणे मारते.

सगळ्यात आधी ‘तिचं’, माझ्या त्या लाडक्या गायिकेचं, गाणं लावलं. तिची एवढीच तबकडी निघाली आणि तिची प्रत आपल्याखेरीज कुणाकडे असल्याचं ऐकिवात नाही. आवाज किती स्वच्छ आलाय! संग्रहालयातल्या मित्राला लगेच पाठवलं. त्याने ते तिच्या नावानिशी इंटरनेटवर चढवलं, खाली माझंही नाव. सध्या म्हातारा हवेत आहे.

तुझा काका

दि. १० मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तो आवाज तिचा नाही.

तिच्या तबकडीवर बुरशी होती. साध्या पाण्याशिवाय काही लावायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं. मी घाईत स्पिरिटचा बोळा फिरवला. कापूस काळा झाला तेव्हा वाटलं, मळ निघतोय. विरघळत होती ती तबकडीचीच लाख. सुई ठेवली तर नुसती खरखर.

मग घाबरून त्याच गाण्याची दुसऱ्या गायिकेची तबकडी इंटरनेटवर शोधली आणि तिचं गाणं तुमच्या गाण्यांत घुसडलं. हल्ली तुम्हाला कमी ऐकू येतं, कळणार नाही, असं मनात आलं. याचीच जास्त शरम वाटते. हवं तेवढं रागवा, पण बोलणं टाकू नका.

तुमची छकुली

दि. १६ मार्च

चि. छकुलीस,
आशीर्वाद.

राग आला. पण मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. तिसऱ्या ओळीआधी तिचा श्वास अडखळतो आणि साथीला उद हे तंतुवाद्य वाजवणारा तिच्यासाठी क्षणभर थांबतो. तुझ्या गाण्यात कुणी थांबलंच नाही. कॉम्प्युटरने साफ केलं असेल, अशी मनाची समजूत घातली, कारण मित्र वाहवा करत होता. तू भीतीपोटी खोटं केलंस, मी कौतुकाच्या हव्यासापोटी.

काल त्याला सगळं कळवलं. त्याने गाणं इंटरनेटवरून काढलंय. तिचं नाव मात्र ठेवायला सांगितलं आणि खाली लिहायला लावलं, की तबकडी आमच्या हातून गेली.

रविवारी रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन ये. तिचं गाणं मला आठवतं तसं म्हणून दाखवीन. सूर हलेल, तरी मध्येच बंद करू नकोस. तिसऱ्या ओळीआधी मी थांबेन. तिथे ती श्वास घेते.

माया होती तेवढीच आहे.

तुझा काका