यांचा प्रोसेसर

३ नोव्हें., अमरावती
तुळशीचं लग्न झालं, आता माणसांची सुरू. हंगामातली पहिली पत्रिका टाइप करायला आली, वरूडच्या संत्रेवाल्यांची. निमंत्रकांची नावंच दोन रकाने. निम्मी टाइप झाली आणि कॉम्प्युटर पटकन बंद. त्याच्या डब्याला हात लावला तर तव्यासारखा. हे असते तर एक बाजू उघडून टेबलफॅन लावला असता, वर म्हणाले असते, 'म्हाताऱ्याले दम लागला.' यांना जाऊन तीन महिने होतील. फॅन मीच लावला. नावं पुन्हा टाइप केली.

५ नोव्हें.
प्रियूचा पुण्याहून फोन. लेकीचं एकच टुमणं, 'आई, नवा प्रोसेसर घे, सहा कोरचा.' कोर म्हणजे काय? म्हणाली, डोकी समज, सहा डोकी एकदम काम करतात. इथे माझं एक चालेना.
फोन ठेवताना, 'आणि टिकली लाव गं, आता कोणी काही म्हणत नाही.' आरशासमोर लावली. मग काढली. दहाव्याला बायकांनी कपाळ पुसलं तेव्हा खाली घातलेली मान अजून...

७ नोव्हें.
अकोल्याला संजूभाऊजींना फोन केला. यांचे धाकटे भाऊ, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ते म्हणतात, 'सहा कोर काय करता वहिनी? तुमाले पत्रिकाच कराच्या हाय, चार पुरन. पण नवा जुन्या बोर्डावर बसत नाई. बोर्ड, रॅम, सारंच बदलाव लागन.'
सारंच. यांनी सतरंजीवर बसून एकेक भाग जोडला होता हा डबा. मग त्यात यांचं काय उरलं?
शेवटी ठरलं, आधी उघडून तरी पाहू.

१० नोव्हें.
वरूडवाले फोनवर, 'ताई, पयली पत्रिका देवापुढं ठेवाची हाय. जमत नसन तं सांगा, दुसरीकडं देतो.' एक पत्रिका गेली की गावच्याच जातील. घर आता त्यावरच आहे. आज चारदा बंद पडला.

१२ नोव्हें., अकोला
बडनेऱ्याहून गाडी, डबा मांडीवर. भाऊजींनी उघडला, प्रोसेसरवरचा पंखा काढला. खाली प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट, वाळलेली, आणि तिच्यात लाल. भाऊजी काही बोलायच्या आत मी ओळखलं. कुंकू. कडेला हळद.
माझ्याच बोटाचं. डबा जोडला त्या वर्षीची खंडेनवमी होती, यांनी तो चौकोनी तुकडा तळहातावर धरून पुढे केला. 'हे याचं डोकं. लाव.' घरातली हत्यारं-अवजारं पुजतात तसं लावलं, चांगलं ठसठशीत. मला वाटलं, बसवताना पुसतील.
भाऊजी म्हणाले, 'याच्यानंच तापते. दादाले माईत होतं. म्या दोनदा म्हटलं, पुसून टाकू. म्हने, राहू दे, तिनं लावलं हाय. फॅन लावत जाईन.'
इतके उन्हाळे. बाहेर अमरावतीचा मे, हे बनियनवर घामाघूम, आणि फॅन डब्याला. मी किती भांडले. 'बायकोला वारा नाही, डब्याला आहे.' हसायचे नुसते. एकदा सांगायचं तरी.
'नवा घ्या लागतच नाई वहिनी. हे पुसलं, नवी पेस्ट लावली का चालन आनखी पाच-सहा वर्षं.' हातात स्पिरिटचा कापूस. 'पुसू?'
गिऱ्हाइकांसमोर रडू फुटलं. भाऊजींनी कापूस टाकून दिला, पंखा होता तसा बसवला. 'घाई नाई. तुमी सांगा मंग.'

१४ नोव्हें.
वरूडची पत्रिका गेली. वधूच्या आजोबांच्या नावाआधी कै. लावायचं राहिलं होतं, शेवटच्या क्षणी दिसलं. यांच्या नावाआधी लावायला माझा हात अजून धजत नाही.

१६ नोव्हें.
नांदगाव खंडेश्वरच्या दोन आल्या. प्रियू म्हणते, नवा घे आणि जुना प्रोसेसर डबीत घालून देवघरात ठेव. म्हणजे कुंकू राहील, पण डबा यांचा राहणार नाही. पुसलं तर डबा यांचा राहील, आणि कुंकू...
बाहेर गारठा पडला आहे. फॅन डब्याकडे तोंड करून सुरू, मी शाल पांघरून टाइप करते आहे. दोनदा बंद पडला.
भाऊजींचा मेसेज आला, 'वहिनी, काय ठरलं?' फोन पालथा ठेवला, फॅन डब्याच्या आणखी जवळ ओढला.