सोनीचा उखाना

मंगळवार, दिवेलागणीला

शेजारच्या सोनीचं लगीन जवळ आलंय. आज ती उखाना मागायला न्हाई, ऐकवायला आली. मोबाईलनं जुळवून दिला म्हनं. मी म्हनलं, "मग माळ बी त्यालाच घाल की!" हसली मेली. पन उखाना चांगला हुता. सासूला काढलेला चिमटा तर अगदी माझ्यावानी. कुठनं शिकला आसंल? माझाच उचलला का काय?

ह्ये वारल्यापासनं मला हळदीला बोलवत्यात ते उखान्यापुरतंच. नवरीच्या कानात सांगायला तेवढं मांडवात बसवत्यात. आता कशाला बसवतील? लई भ्याव वाटलं. तो चिमटा काय डोक्यातनं जाईना.

शेवटी दारात इचारलंच, "सोने, हळदीला कवा येऊ गं?"

ती मोबाईलकडं बघत म्हनली, "काकू, तुमी आपलं लग्नालाच या की, जेवायला."