डाव्या बाजूचा शॉकॲब्सॉर्बर

२३ सप्टेंबर १९९६, सोमवार
प्रेमा सकाळी बॅग भरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला गेली. श्रीकांतकडे, म्हणजे तिच्या धाकट्या भावाकडे. परत कधी, असं विचारलं तर म्हणाली, माहीत नाही.

कारण उघड आहे. काल आम्ही तिकडूनच परत येत होतो. बनशंकरीला आमच्या घरापर्यंत सबंध वाट ती काहीतरी कळवळून बोलत होती. मी गाडीचा आवाज कुठून येतो ते ऐकत होतो. सापडला! पुढचं डावं चाक. शॉकॲब्सॉर्बर गेलाय. गाडी ८५ सालची, झिजणारच. पण प्रेमा बसते डावीकडे. तिची पाठ! बिचारी किती दिवस सोसत होती.

निश्चय : आठवड्याच्या आत नवा पार्ट. मग तिला घेऊन येणे.

२८ सप्टेंबर
पितृपंधरवडा लागला. या दिवसांत नवीन काही घेऊ नये, हे प्रेमाचंच म्हणणं. तिचा शब्द मोडवत नाही. खरेदी अमावास्येनंतर. कळलं तर खूश होईल.

२ ऑक्टोबर
सुट्टी. तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा श्रीकांत म्हणाला, ताई आंघोळीला गेलीये. येलहंक्याला पाण्याची चंगळ दिसते.
भात केला. करपला. गॅसचा दोष.

१४ ऑक्टोबर
अर्धी रजा टाकून जे.सी. रोड, गाड्यांच्या पार्टचा बाजार. दुकानदार कानडीत म्हणाला, जोडी तगोळ्ळी सार, जोडीच घ्या. शॉक नेहमी जोडीनंच बदलतात म्हणे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. मी त्याला सांगितलं, चोवीस वर्षं सरकारी कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतोय. ज्या बाजूत दोष, ती बाजू बदलायची. माझ्या बाजूला काही झालेलं नाही. मला कधी धक्का बसत नाही.
तो सरी, म्हणजे बरं, म्हणाला. एकच घेतला.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळ
मेकॅनिक विश्वेश्वरने पार्ट बसवला. त्याचंही तेच तुणतुणं. उजवाही स्वल्प गळतोय सार, म्हणाला. शिकलेल्या माणसाला शिकवायची खोडच असते यांना.
टेस्ट : डाव्या सीटवर, प्रेमाच्या जागी, पाण्याने भरलेली कळशी. लालबागपर्यंत चक्कर. थोडं सांडलं, पण ते ब्रेकमुळे.
उद्या आयुधपूजा. गाडीची पूजा दरवर्षी तीच करते. उद्या संध्याकाळी घरी दोघं.

२० ऑक्टोबर, रविवार
साडेदहाला येलहंका. झेंडूचा हार आणि चार लिंबं बरोबर नेली होती. प्रेमा बाहेर आली, गाडीला कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मला वाटलं, जिंकलो. लिंबं चिरडून तिला स्टेशनपर्यंत फिरवून आणलं. गाडी जरा डावीकडे ओढत होती, पण आवाज औषधालाही नाही.

विचारलं, धक्का? म्हणाली, नाही, छान झालीये गाडी. म्हटलं, मग आता पाठही दुखणार नाही, घे बॅग.
ती म्हणाली, माझी पाठ कधीच दुखत नव्हती. मग शांतपणे विचारलं, त्या दिवशी मी वाटभर काय सांगत होते, एवढं सांगा, लगेच येते.
मी आठवून बघितलं. मला फक्त चाक आठवत होतं.
ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. पर्समधून घराची किल्ली काढून सीटवर ठेवली आणि उतरली. खिडकीशी वाकून म्हणाली, भाताला दुप्पट पाणी घाला, गॅस बारीक ठेवा.

२१ ऑक्टोबर, दसरा
काल येताना किल्ली डाव्या सीटवरच होती. बनशंकरीपर्यंत जागची हलली नाही. माझ्या बाजूला मात्र प्रत्येक खड्डा लागला. आधीही लागत असणार. वाटेत हेब्बाळच्या पुढे गाडी कडेला घेतली आणि रडलो. आपल्याला असं रडता येतं हे माहीत नव्हतं.

ती काय सांगत होती ते अजून आठवत नाही.

तिनं सांगितल्याप्रमाणे भात केला. करपला नाही. दोघांपुरता झाला.