शनिवारचं पुस्तक

५ जुलै २०२५, शनिवार

हो म्हणून बसले! आता दर शनिवारी एक पुस्तक सुचवायचं.

गुरुप्रसाद आमच्या वाचनालयाचा ग्रंथपाल होऊन बारा वर्षं झाली, पण माझ्यासमोर अजून चौथीत असल्यासारखा उभा राहतो. म्हणाला, "बाई, कथा-कादंबऱ्या लोक आपणहून नेतात. बाकीची कपाटं कोण उघडतच नाही. आपल्या वाचकांचा मोबाईलवर गट केलाय, त्यात तुम्ही आठवड्याला एक पुस्तक सांगा. कुणाच्या कामधंद्यावरचं, श्रद्धेवरचं, इतिहासाचं. तुमचं नाव बघून तरी नेतील." म्हटलं, निवृत्त बाईला कशाला कामाला लावतोस? तर म्हणे, "निम्मं मंडणगड तुमच्या हाताखालनं गेलंय."

नाहीच म्हणणार होते. मग त्याने गटातली नावं दाखवली. जुन्या सभासदांच्या वहीतले सगळे नंबर घातलेत — त्र्याऐंशी. उगाच खाली सरकवत गेले आणि हात थांबला. श्रुती!

माझी श्रुती. शाळेत असल्यापासूनची सभासद. पांढऱ्या गणवेशातला तोच फोटो, नर्सची नोकरी लागली त्या दिवशीचा. मीच काढलेला.

गुरुप्रसाद म्हणाला, "काढू का नाव? ती आता इथे नसते."

"राहू दे," म्हटलं. आणि दर शनिवारचं कबूल केलं.

६ जुलै

तीन वर्षं झाली. एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे स्वतःला फसवायला नको.

तिने सागरशी लग्न केलं याला माझी ना नव्हती. मुलगा चांगला, वेळणेश्वरचा, घरची शेती. दुसऱ्या समाजातला म्हणून आमच्यातले चारजण कुजबुजले, त्यांना मीच गप्प केलं. लग्न विहारात झालं. पंधरा दिवसांनी मोबाईलवर फोटो आला — श्रुती सासरी सत्यनारायणाला बसलेली, सागरच्या हाताला हात लावून.

मी फोन लावला. काय बोलले ते अजून शब्दन् शब्द आठवतं. "तुझ्या आजोबांनी घरातले देव भारजा नदीत सोडले. तू ते ओंजळीत भरून परत आणलेस!"

मग म्हणाली, "सासूबाईंची हौस होती. हात जोडून विचारलं त्यांनी. आई, मी का बसले ते तू विचार तरी."

"मला काही विचारायचं नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. आधी तिने करावा — आई मी आहे! तिचे बाबा असते तर मध्ये पडले असते. ते जाऊन सहा वर्षं झाली. आता मध्ये पडायला कुणी नाही.

त्या सासूचा मला फार राग येतो. तिला कधी धड बघितलेलंही नाही. लग्नात कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर सावरत बसली होती, एवढंच आठवतं.

१२ जुलै, शनिवार

पहिलं पुस्तक मुद्दाम निवडलं. एका परिचारिकेचं आत्मकथन. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली बाईने. गटात लिहिलं: "कामाबद्दलची पुस्तकं बहुतेक साहेबलोक लिहितात. हे उभ्याने जेवणाऱ्या बाईने लिहिलंय. पान चाळीसवर ती पहिल्यांदा मेलेलं माणूस पुसते, ते वाचताना घाई करू नका."

दहाला पाठवलं. कुणी वाचलं ते कसं बघायचं हे गुरुप्रसादने शिकवलंय — संदेशावर बोट दाबून धरायचं. दुपारपर्यंत सव्वीस जण. त्यात ती नाही. पेज घेतली, भांडी घासली, परत बघितलं.

श्रुती — २.१०.

ड्युटीवरून येऊन जेवताना वाचलं असेल. तिला ताटाशी काहीतरी वाचायला लागतंच. किती ओरडायचे मी!

१९ जुलै, शनिवार

जांभ्याच्या खाणीत चिरे काढणाऱ्यांवरचं सुचवलं. तिने वाचलं, २.२५.

२६ जुलै

नर्सबाईंचं पुस्तक गेलं, वर तीन माणसं थांबलीत. गुरुप्रसाद खूश. मला म्हणाला, "बाई, तुम्ही समोर बसून सांगितल्यासारखं लिहिता."

समोर कोण बसलंय ते त्याला कुठे ठाऊक.

९ ऑगस्ट, शनिवार

आज इतिहासाचं. आपल्या जिल्ह्यातली माणसं मुंबईत कामाला कशी गेली त्यावरचं जाडजूड पुस्तक. मेहनतीने लिहिलंय. बोटी आहेत, गिरण्या आहेत, गोदी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत वीस माणसं कशी झोपायची ते आहे. श्रुतीचे बाबा गोदीतच होते, त्यामुळे मी हावरटासारखं वाचलं. पण मागे राहिलेल्या बायकांना सगळी मिळून दोन पानं!

ते वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि मे महिन्यात. बाकी दहा महिने मी, शाळा आणि ही चिमुरडी. विहिरीवर जाताना माझ्या कळशीला हात लावून चालायची. म्हणायची, मी पण धरलंय.

गटात लिहिलं: "पुस्तक चांगलं आहे, पण अपुरं आहे. वाचून झालं की आपल्या आईला विचारा. राहिलेली पानं ती सांगेल."

पाठवलं आणि परत वाचलं. किती उघड! पुसून टाकणार होते, तेवढ्यात दोघांनी अंगठे दाखवले.

तिने वाचलं, २.०५. उत्तर नाही.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. तिच्या सासरी घर भरलेलं असणार. मोदक वळते का ती? तिला आमच्याकडे साधी भाकरी थापायचा कंटाळा. पडवीत बसून हाच विचार करत होते. राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं वाटलं, तिच्या हातचं काहीतरी खावं.

२० सप्टेंबर, शनिवार

मिठागरांवरचं पुस्तक. २.३०.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज वेड्यासारखं केलं.

शनिवारचं पुस्तक श्रुतीने उघडलंच नाही. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी मी वीस वेळा बघितलं असेल. काल धम्मचक्र दिनाला विहारात वंदना चालू होती आणि माझं लक्ष पिशवीतल्या मोबाईलवर! आजारी आहे का? बाळंतपण-बिळंतपण? मला कोण कळवणार होतं? फोन हातात होता, तिचा नंबर समोर होता, आणि बोट पुढे जाईना. हाक मारली आणि तिने उचललं नाही तर?

सकाळी एसटी पकडली. मंडणगड–दापोली, तिथून दाभोळ. जेट्टीवर फेरीबोट लागलेली. पलीकडे धोपावे, मग गुहागर, मग तिचं घर. बोटीवर गाड्या चढत होत्या. एक बाई मासळीची टोपली घेऊन माझ्याशेजारी उभी. म्हणाली, "चला की. सुटंल बोट." म्हटलं, येते. पिशवीत तिच्यासाठी कुळथाचं पीठ होतं.

सहज मोबाईल बघितला. श्रुती — १.५५.

वाचलं होतं! आत्ताच! म्हणजे बरी आहे. आणि लगेच तो जुना ताठा वर आला — बरी आहे, मोबाईल बघते आहे, मग चार अक्षरं लिहिता येत नाहीत तिला? बोटीने भोंगा दिला. मी उभीच राहिले. पाणी रुंद होत गेलं.

दापोलीची गाडी धरून परत आले. कुळथाचं पीठ डब्यात परत ओतलं.

१६ ऑक्टोबर

चढायला हवं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

गुरुप्रसाद कपाटाला किल्ली लावता लावता म्हणाला, "बाई, एक विचारू? चार महिने झाले. काम झालं, इतिहास झाला. श्रद्धेवरचं एकही पुस्तक सांगितलं नाहीत."

मुलगा हुशार आहे, चौथीतही होता.

त्यानेच एक काढून दिलं. लेखक कुणी निवृत्त शिक्षक. किनाऱ्यावरच्या गावांतल्या बायकांना त्यांनी वीस वर्षं एकच प्रश्न विचारला — तुम्ही हे का करता? उपवास, नवस, दर्ग्यावर चादर, विहारात मेणबत्ती, सगळ्याबद्दल. मी दहा पानांत मिटणार होते.

२३ नोव्हेंबर

मिटलं नाही. दुसऱ्यांदा वाचते आहे.

पूर्णगडच्या एका म्हातारीने त्यांना उत्तर दिलंय: "दर्यात पोरगा गेला की माझ्या हाताला काय काम नसतं. म्हणून फूल वाहते." लेखकाने यावर काही टिप्पणी केलेली नाही. पुढच्या बाईकडे गेलाय.

वीस वर्षं अनोळखी बायकांना विचारत फिरला हा माणूस. मी माझ्या मुलीला एकदा विचारलं नाही.

श्रुतीच्या आजोबांनी देव सोडले ते बरोबरच होतं. त्यांना देवळाच्या पायरीला शिवू देत नव्हते, त्यांनी मान वर केली. त्यात मी आजही तसूभर मागे जाणार नाही. पण श्रुती मान खाली घालून बसली नव्हती. फोटो आहे माझ्याकडे, आज परत बघितला. हसतेय. तिच्या मागे सासू उभी आहे, तीही हसतेय. तीन वर्षांत मला फक्त केळीचे खांब आणि कलश दिसले!

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विहारात जाऊन आले. पांढरी साडी न बदलता लिहायला बसले. चार वेळा खोडलं. शेवटी हे पाठवलं:

"आज श्रद्धेवरचं पुस्तक. मी बुद्धाला मानणारी बाई आहे आणि तशीच राहणार. हे पुस्तक मला कुठे न्यायला बघत नाही. फक्त समोरच्याला आधी विचारा, एवढंच सांगतं. मी एका माणसाला विचारलं नाही. उत्तर मलाच ठाऊक आहे असं समजून फोन ठेवला. ते माझं चुकलं. हे पुस्तक वाचताना आपल्या घरातलं कुणी आठवलं तर पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याला विचारा."

त्र्याऐंशी माणसांसमोर. बघू देत.

श्रुती — २.१५.

१० डिसेंबर

काही नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

आज पुस्तक सुचवलं नाही. गुरुप्रसादचा फोन आला — "बाई, तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, मला आता जमणार नाही. दुसरं कुणीतरी बघ. तिने वाचलं, माझं चुकलं हे वाचलं, आणि तरी आठवडाभर एक अक्षर नाही. आणखी काय सुचवणार मी तिला?

१५ डिसेंबर, सोमवार

दुपारी पडवीत वाळक्या पानांचा पातेरा झाडून गोळा करत होते. मोबाईल वाजला. श्रुतीच्या नंबरावरून संदेश! लिहिलेला नाही, बोललेला. झाडू हातातच. लावला, तर आवाज भलत्याच बाईचा. मी पाच-सहा वेळा ऐकला, आता जवळजवळ पाठच झालाय:

"ताई, मी यमुना. सागरची आई. ह्यो फोन श्रुतीचा जुना. दोन वर्सं झाली, तिने नवा घेतला आन् नवा नंबर पण घेतला, ह्यो मला दिला. तुमचं शनवारचं येतं ते मी वाचते. चौथी शिकलेली हाय, बोट ठेवून वाचते, मंगळवार उजाडतो पुरं होईपर्यंत. घरातली सगळी जेवली, आवराआवर झाली की उघडते. मधी कापणीला तेवढं राहिलं. सागर गुहागरच्या वाचनालयातनं आणून देतो पुस्तकं, त्या नर्सबाईचं मी दोनदा वाचलं. श्रुती थकून येते ती काय करून येते ते मला तवा कळलं.

"श्रुतीला मी काय बोलले नाय. बोलायला पायजे होतं. पण मला वाटलं, तिला कळलं तर ती फोन परत मागंल, आन् मग मला कोण सांगणार काय वाचायचं? माझीच हाव. सहा तारखेचं वाचलं आन् दोन दिस माझ्या घशाखाली घास उतरला नाय. त्या पूजेला मीच बसवली हो तिला. आन् परवाचा शनवार सुना गेला. तुमी बंद केलंत, ते माझ्यामुळं. तिचा नवा नंबर खाली धाडते. तिला वाटतं, आई आपल्याला इसरली."

खाली दहा आकडे.

पाच महिने मी तिच्याशी बोलत होते आणि तिने एक अक्षर वाचलेलं नाही. परिचारिका नाही, खाण नाही, तिच्या बाबांची गोदी नाही. माझं चुकलं हेही नाही! सगळं त्या खुर्चीवरच्या बाईने वाचलं. बोट ठेवून.

आधी रडू आलं. मग तिचा राग करून बघितला. जमलं नाही. संध्याकाळी उत्तर पाठवलं, तेही बोलूनच, कारण तिला वाचायला तीन दिवस लागायचे आणि तोवर तिने जेवायला हवं: "यमुनाताई, जेवून घ्या. शनिवारी पुस्तक येईल."

नंबर कागदावर उतरवून घेतला. आज नको. काय बोलायचं ते नीट ठरवते.

१६ डिसेंबर, मंगळवार

लावला. सगळं ठरवलेलं होतं — पूजेचं, फोटोचं, दाभोळच्या बोटीचं. तिसऱ्या रिंगला उचलला. नुसता श्वास ऐकू आला. माझं पाठ केलेलं सगळं पळालं. तोंडातून निघालं, "जेवलीस का?"

मग म्हणाली, "आई, सकाळचे सात वाजलेत गं!"