कासवाची डागडुजी

४ जानेवारी, शनिवार
सूनबाईने, कौमुदीने, युनिव्हर्सिटीतून कासव आणलं. मेलेलं. कधीचं, तर डायनॉसोरच्या काळातलं. पार दगड झालाय त्याचा. पोटाकडचं ताटाएवढं कवच तेवढं शिल्लक. ते कुठल्या कुळातलं हे तिला ठरवायचंय, त्यावर पीएच.डी. अडलीये. मी मॅट्रिक, तेही फर्स्ट क्लास. संकल्प: हातभार लावणे.

६ जानेवारी, दुपारी
कुळं दोन, असं कळलं. एक मान सरळ आत ओढणारं, दुसरं आडवी दुमडून लपवणारं. मी लगेच निकाल दिला, सरळवालं. देवळातलं दगडी कासव देवाकडे सरळच बघतं. मान आडवी करून दर्शन कसं घेणार? कौमुदी हसून म्हणाली, आई, डोकं सापडलेलंच नाही, पुरावा कवचातच शोधायचा. शोधू दे बापडीला.

८ जानेवारी
कौमुदी पादरा गावी गेलीये, मामेबहिणीच्या लग्नाला. कवच पुसायला घेतलं. आतल्या बाजूला दोन खरबरीत खड्डे. कूर्मावतारच तो, भंगलेला घरात ठेवू नये. भेगा बुजवायची लांबी बाजारात महाग. ह्यांच्या पानाच्या डबीतला चुना, उडदाचं पीठ, गूळ. देव्हाऱ्याची भेग अशीच भरली होती, अजून हललेली नाही. रामरक्षा म्हणत भरलं, हात फिरवून गुळगुळीत केलं. आल्यावर खूश होईल.

९ जानेवारी
खूश झाली नाही. कवच खिडकीशी नेऊन उजेडात बघितलं. मग हळूच म्हणाली, "आई, ते खड्डे नव्हते. कमरेचं हाड कवचाला जिथे जोडलेलं असतं, ती खूण होती. माझ्याकडे तेवढाच पुरावा होता." रविवारी तिचे सर नेमकं तेच बघायला येणार.
मुलगा हेरंब मकरपुऱ्याच्या कारखान्यातून ड्युटी करून आला. घरातली शांतता बघून त्याला वाटलं, कोणीतरी गेलं. मी म्हटलं, गेलं खरं, पण फार वर्षांपूर्वी. कोणी हसलं नाही. चिंच लावून बघू का, म्हटलं. दोघं एकदम नको म्हणाले.

११ जानेवारी
कौमुदी सुईने कोरतेय. मी शेजारी जाऊन बसले. आधी राहू द्या म्हणाली, मग एक सुई दिली. माझा माल निघता निघत नाही. एरवी अभिमान वाटला असता. एकादशी काल झाली, तरी आज जेवण गेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार
मुकुंद सर आले. भिंगातून बघतच राहिले. मी आत जप करत होते. सरांचा आवाज आला, खूण शाबूत! हाड कवचाला सांधलेलं, म्हणजे मान आडवी घेणारं कुळ. कौमुदी खुर्चीत बसली ती उठेचना. मला पहिल्यापासून तसंच वाटत होतं.
कडेला अजून चिकटलंय ते काय, सरांनी विचारलं. कौमुदीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. सर म्हणाले, "कृती लिहून द्याल ना, काकी?" मला गहिवरूनच आलं. वर श्री काढून, प्रमाणासकट, सुवाच्य अक्षरात लिहून दिली. कशासाठी, ते मागाहून विचारलं. म्हणाले, खात्यात भिंतीवर लावायचीये. कवचात काय भरायचं नाही, ते मुलांना कळावं.