अब्बांच्या बाहीचे रफू

सांगली, सोमवार

चि. रहिमान यास,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन टाकली नाहीत.

वस्तुस्थिती क्रमाने मांडते. एकाहत्तरच्या युद्धातला अब्बांचा गणवेश साताऱ्याला अम्मीच्या खाटेजवळ खिळ्याला टांगलेला होता. धुळीने खराब होईल म्हणून मार्चमध्ये मी तो इकडे आणला. बाहीला गोळी चाटून गेल्याचे भोक होते, ते रफू करून घेतले. पुढच्या महिन्यात ईदसाठी अम्मी माझ्याकडे येणार आहे.

येथवर माझे काही चुकले असे मला वाटत नव्हते. काल तुझ्या लेकीने, मदिहाने सांगितले की डोळ्यांना दिसेनासे झाल्यापासून अम्मी दर ईदला त्या भोकात बोट घालून बसते आणि म्हणते, "हितनं गोळी गेली, आन् माणूस राहिला." किती ईदांना मी साताऱ्याला आले नाही, ते मोजू नकोस.

मी तडक रफूगर यासीनभाईंकडे गेले आणि भोक पुन्हा मोकळे करा म्हटले. ते हसले. "मॅडम, अजाबात दिसता कामा न्हाई, आसं तुमीच म्हनला. आता कुठं हुतं, ते तुमीच दावा."

दोन्ही बाह्या उजेडात धरून पाहिल्या. मला सापडले नाही. बाही कोणती, तेही आठवत नाही.

फोनवर विचारणे शक्य नाही. तुझा फोन सदैव स्पीकरवर असतो आणि अम्मीचे कान शाबूत आहेत. तरी कोणती बाही आणि मनगटापासून किती बोटे वर, हे ईदपूर्वी मला लेखी कळव. अंदाजे लिहू नकोस.

तुझी आपा,
(डॉ.) अर्फा