रांगेतली रिकामी जागा

तीर्थरूप आईला, राजेश्वरीचा इंग्लंडहून पायांवर माथा.

मी बरी हाय. जाड कोट घेतलाय, जेवण वेळेवर होतं. काळजी करू नको.

मी काम करते त्या वृद्धाश्रमात दर मंगळवारी इथल्या खेड्यांतला जुना नाच असतो, तीन-चारशे वर्षांपासूनचा. बाया एका रांगेत, पुरुष समोरच्या रांगेत. वरची जोडी हात धरून मधून खाली जाते आन् शेवटाला उभी राहते. मग बाकीच्या जोड्या एकेक जागा वर सरकतात. एक माणूस कमी पडला तरी नाच मोडतो, म्हणून कुणी म्हातारा गेला की त्याच्या जागी मला उभं करतात. या थंडीत ही तिसरी वेळ. काल जिच्यासमोर उभी राहिले त्या बाईचा नवरा शुक्रवारी वारला. तिचा हात लई गार हुता. नाच संपला तरी तिनं माझा हात सोडला न्हाई.

शेळी व्याली का? गुडघ्याला तेल लावतेस ना?

फोनवर विचारलं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते. शेजारच्या ज्ञानेश्वरीकडून उत्तर लिहून घे. आप्पा गेले तेव्हा मला रजा मिळाली न्हाई. तुमची एकुलती लेक मी. त्यांच्या तोंडात तुळशीचं पाणी कुणी घातलं? माझ्या जागी कोण उभं हुतं?

तुझीच,
राजू